फेलिज्मिनाचा चौकोनी डफ

२० मे २००७

ग्रासिएत,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. पत्रं लिहिणं हे तुझ्या आईचं काम होतं. मी आयुष्यभर ट्रकच्या पावत्यांवर सह्या केल्या, त्यापलीकडे पेन धरलं नाही. अक्षराला हसायचं तर हस, पण वाच.

इकडे ठीक आहे. बटाट्याला फूल आलंय. आईच्या कोंबड्या मला बघून बिथरायच्या, अंडी घालायच्याच बंद झाल्या. शेवटी शेजारच्या ओतीलियाच्या खुराड्यात नेऊन सोडल्या, तर दुसऱ्याच दिवशी अंडं! ओतीलिया भिंतीवरून ओरडून सांगत होती, "भावजी, कोंबड्यांनासुद्धा बाईमाणसाची सोबत लागते हो." जेवणाचं म्हणशील तर कोबीचं सूप मला जमतं. उजवा अंगठा सुजलाय, लाकडं फोडताना मार बसला. काळजी नको.

आता मुद्द्याचं. आईला माती दिली त्या दिवशी तू घरातून तिचा डफ काढून आणलास आणि सगळ्यांसमोर गावातल्या सगळ्यात जुन्या डफवाल्या इदालिना मावशीपुढे धरलास. "एकदाच वाजवा. ती ऐकेल." मावशीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. उपासकाळ चालू होता, ग्रासिएत. ईस्टर येईपर्यंत आपल्या गावात डफाला कुणी हात लावत नाही, हे तू पाळण्यात असल्यापासून बघितलंयस. पाद्री तेच म्हणाले असते. मावशीसुद्धा तेच म्हणाली असती, मी मान हलवली नसती तरी.

पण तू नियमाबद्दल बोललीच नाहीस. तू म्हणालीस, "बाबा, ती काय वाजवायची ते तुम्हाला ठाऊक तरी आहे? एकदा तरी ऐकलंत?" आणि डफ दफनभूमीच्या कठड्यावर ठेवून संध्याकाळच्या बसने निघून गेलीस.

डफ मी घरी आणला. खिळ्यावर आहे. धूळ बसू देत नाही.

बाबा


८ जुलै २००७

ग्रासिएत,

अंगठा लाकडाने सुजला नव्हता. गावातून कुणीतरी तुला कळवेलच, आणि कसं कळवतील तेही मला ठाऊक आहे, त्यापेक्षा मीच सांगतो. मी डफ शिकतोय.

हसून झालं? कॅफेतले अजून हसताहेत.

ईस्टरनंतर आठवडाभराने मी डफ पिठाच्या पोत्यात गुंडाळला आणि मागच्या बोळाने इदालिना मावशीकडे गेलो. ती दारात बसून शेंगा सोलत होती.

"काय आणलंस? ससा?"

"फेलिज्मिनाचा डफ."

"विकायचाय?"

"शिकायचाय."

मावशीने शेंगा सोलणं थांबवलं नाही. "अरे, इथे डफ बायका वाजवतात. पुरुष वाजवतात तो ढोल, आणि तोही पोटात दारू गेल्यावर."

"ठाऊक आहे."

"मग?"

"पोरीने विचारलं, एकदा तरी ऐकलंत का."

"ऐकायला कान लागतात. हात कशाला?"

"जिचं ऐकायचं ती गेली, मावशी."

 तिने शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं, हात एप्रनला पुसले आणि म्हणाली, "टोपी काढ. बस."

तुला वाटत असेल, चौकोनी लाकडी चौकट, दोन्हीकडून बकरीचं कातडं, आत मूठभर सुक्या बिया, यात शिकायचं काय? मलाही तसंच वाटलं होतं. डफाचा सगळा भार दोन अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी यांच्यावर. बाकीची बोटं मोकळी राहिली पाहिजेत, कारण वाजवायचं त्यांनीच. माझी बोटं मोकळी राहीनात. मावशी ओरडली, "स्टिअरिंग आहे का ते? आवळू नकोस! असा आवळलास तर तो कुठेच नेणार नाही तुला." अंगठे दुखून रात्री चमचा धरवेना. म्हणून ते लाकडाचं खोटं.

घरी सराव करायला लागलो तर दोन दिवसांत ओतीलियाचं डोकं भिंतीवर.

"भावजी, माळ्यावर उंदीर झालेत का? सारखं खडखडतंय."

"डफातल्या बिया आहेत त्या."

"अगं बाई!" एवढंच म्हणाली आणि खाली गेली. थोड्या वेळाने पुन्हा डोकं वर. "हवा दमट आहे. कातडं सैल पडलंय तुमचं. म्हणजे डफाचं. चुलीसमोर धरा जरा."

धरलं. आवाज खरंच उघडला. आई चुलीसमोर डफ घेऊन बसलेली मी बघितलीय, एखाद्या नाताळात असेल. मला वाटलं होतं, बाई हात शेकतेय.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. नाही, मी ऐकलं नाही. डफाचा हंगाम ईस्टरपासून जत्रेपर्यंत, आणि संत्री जर्मनीला न्यायचा हंगामही तोच. मी घरी यायचो ऑगस्टात. ट्रक सोडल्यावर तरी ऐकायचं, म्हणशील. ट्रक सोडल्यावर ती रविवारी इदालिना मावशीकडे जायची आणि मी कॅफेत पत्ते खेळायला. वाटायचं, बायका गप्पा मारत बसतात. जत्रेला मी डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावायच्या कामावर असायचो. लांबून आवाज यायचा. लांबून सगळे डफ सारखेच वाटतात.

बाबा


३० सप्टेंबर २००७

ग्रासिएत,

अंजिरं वाळवली. तुझ्यासाठी एक डबा बाजूला ठेवलाय. पाठवू का ते कळव. नाही कळवलंस तरी ठेवलेला आहे.

साधा ठेका आता हातात बसलाय. अडतं ते गाण्यापाशी. आपल्या बायका डफ वाजवता वाजवता गातात, आणि इतक्या सहज, की बघणाऱ्याला त्यात काही आहे असं वाटत नाही. मी तोंड उघडलं की हात थांबतो, हात चालवला की तोंड मिटतं. मावशी म्हणते, "तुझा हात आणि तुझं तोंड एकमेकांशी बोलत नाहीत. तुझ्या घराण्यातच आहे ते." टोमणा कुणाला होता ते समजलं ना?

परवा मी कंटाळून डफ खाली ठेवला. म्हटलं, "मावशी, फेलिज्मिनाला हे आईच्या दुधातून मिळालं होतं. मी सदुसष्टाव्या वर्षी कुठे बघणार?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "कुणी सांगितलं तुला हे? तिच्या आईला साधा टाळीचा ठेका धरता येत नव्हता. फेलिज्मिना माझ्याकडे आली तेव्हा पस्तिशीला आली होती. आणि तुला म्हणून सांगते, तुझ्याहून वाईट होती."

मला आधी खोटं वाटलं. मावशीला विचारून विचारून काढून घेतलं. मी तेव्हा हॅम्बुर्गच्या फेऱ्या करत होतो. हिवाळा होता, तू शाळेत जायचीस. संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून ती मावशीकडे जाऊन बसायला लागली, आणि नुसतं किती बसायचं म्हणून डफ हातात घेतला. आठवडेच्या आठवडे रडायची म्हणे. "मला नाही जमायचं, मावशी, माझे हात मोलकरणीचे." अंगठा तिचाही सुजायचा. ऑगस्टात मी आल्यावर तो सुजलेला अंगठा माझ्यासमोर भाकरी कापत असणार. मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

मला वाटत होतं मी बायकोच्या मागे कुठेतरी, खूप अंतरावर चालतोय. आणि ती मावशीकडच्या याच दगडावर बसून हेच शिकत होती, याच शिव्या खात होती. मला मावशीच्या घरातून उठवेना.

आणखी एक सांगितलं मावशीने. लिहू की नको ठरत नव्हतं. तू तेव्हा डफ लपवायचीस. एकदा तो भाकरीच्या भट्टीत सापडला, नशीब भट्टी पेटवलेली नव्हती. तू कानांवर हात ठेवून ओरडायचीस, "तो आला की आई माझी राहत नाही." आई हसायची आणि वाजवत राहायची.

मी तुला दोष देत नाही. मला फक्त वाटलं, मी तिथे नव्हतो, आणि तू तिथे असून कानांवर हात होते. यापुढे जे लिहिलं होतं ते खोडलंय.

बाबा


१६ डिसेंबर २००७

ग्रासिएत,

तुझं कार्ड मिळालं. तू राहतेस त्या एश गावाच्या चौकाचं चित्र आणि मागे तीन शब्द, "पत्रं मिळतात. ग्रासिएत." पोस्टमनने आणून दिलं तेव्हा ओतीलिया दारातच होती. म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "बरंच काही."

ऑलिव्ह उतरवायला घेतलेत. यंदा झाडं लगडलीत आणि माणसं मिळत नाहीत. सकाळी जाळ्या अंथरायच्या, संध्याकाळी कंबर धरून परत. डफाला हात लागलेला नाही.

मावशीने दोन गाणी पक्की करून घेतली माझ्याकडून. एक जत्रेचं, एक कापणीचं. आता गाताना हात थांबत नाही. मंदावतो, पण थांबत नाही. तिसरं ईस्टरच्या सकाळचं, तुझी आई पुढे होऊन म्हणायची ते. गावात डफ वाजवणाऱ्या उरल्यात त्या ओतीलियाला आणि बेंव्हिंदाला त्याचं धृपद येतं, मधली कडवी नाहीत. कडवी कायम आईने किंवा मावशीने म्हणायची, बाकीच्यांनी धृपदाने झेलायची. मावशी म्हणाली, "ये उद्यापासून, देते." मी म्हटलं, "ऑलिव्ह उतरू देत, मावशी. कडवी कुठे पळून जातात?" ती म्हणाली, "कडवी नाही पळत," आणि खोकायला लागली.

नाताळला येशील असं मी गृहीत धरत नाही. खोली झाडून ठेवली आहे, ती तशीही झाडायचीच होती.

बाबा


४ फेब्रुवारी २००८

ग्रासिएत,

इदालिना मावशी गेली. छातीत थंडी भरली होती. मी रोज जाऊन बसत होतो, पण शेवटी शेवटी तिला धाप लागायची, गाणं कुठलं म्हणणार? एकदा तिने बोटांनी पांघरुणावर ठेका धरला. मला वाटलं तिसऱ्या गाण्याचा असेल. मी वाकून म्हटलं, "शब्द सांग मावशी." तिने डोळे उघडले. "ऑलिव्ह झाले का उतरून?" एवढंच विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

काल माती दिली. कार्निव्हलचा रविवार, सोंगं घेऊन फिरायचा. पुढचं लिहायचं धाडस होत नव्हतं, कारण तुला काय वाटेल ते मला कळतं.

राखेचा बुधवार अजून आला नाही. उपासकाळ लागलेला नाही. म्हणजे मावशीच्या कबरीवर डफ वाजवायला कुणाची आडकाठी नव्हती.

ओतीलिया सकाळीच आली, काळ्या कपड्यांत, डफ काखेत. "चला भावजी."

"मी? दफनभूमीत? गावासमोर?"

"गल्लीत बघा जरा. तुमच्या कॅफेतले दोघे बायकोचे स्कर्ट घालून, ओठ रंगवून फिरताहेत. आज तुम्ही डफ वाजवलात तर कुणी मान वळवून बघणार नाही."

"आणि बघितलं तर?"

"तर बघू देत. मावशीचा शेवटचा शिष्य आहात तुम्ही. आम्ही तिघं नाही वाजवलं तर कोण वाजवणार?"

मी गेलो. रंगवलेल्या ओठांचे ते दोघेही आले, तोंड पुसून, स्कर्ट तसाच. आम्ही जत्रेचं गाणं म्हटलं. बेंव्हिंदा मध्येच रडली, तिचा भाग ओतीलियाने उचलला. माझा हात थांबला नाही. वाजवताना मात्र माझं लक्ष मावशीकडे नव्हतं. आई तिथून चार कबरींवर आहे. तिच्या दगडाकडे बघत मी वाजवत होतो आणि मनात एकच, हिचं काय चुकलं होतं? पंचांगात थोडं मागेपुढे मरण आलं असतं तर हिलाही मिळालं असतं. तू डफ पुढे धरला होतास. मान हलवायला मला किती सोपं गेलं होतं.

मी अजूनही म्हणेन, नियम होता. पण तेव्हा मी नियमाचा विचारही केला नव्हता. लोकांसमोर पोरीने तमाशा करू नये, एवढंच डोक्यात होतं.

हे तुला सांगायचं राहिलं होतं.

बाबा


२ मार्च २००८

ग्रासिएत,

थोडक्यात लिहितो. यंदा ईस्टर फार लवकर आहे. पाद्री अबीलियु म्हणाले, इतका लवकर ईस्टर त्यांनी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. म्हणजे आईला जाऊन वर्ष होतं तो दिवस, ३० मार्च, ईस्टरच्या पुढच्या रविवारी येतो. उपासकाळ संपलेला असेल.

मी पाद्र्यांना विचारलं, चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा झाल्यावर दफनभूमीत डफ वाजवले तर? ते म्हणाले, "एर्मीनियु, मी मिस्सापुरता. फाटकाच्या आत तुमचं तुम्ही बघा."

आम्ही तिघं वाजवणार आहोत. तू यावंस म्हणून लिहीत नाही. तारीख तुला ठाऊक असावी म्हणून लिहितो. खरं तर यावंस म्हणूनच लिहितो.

बाबा


६ एप्रिल २००८

ग्रासिएत,

तू गेल्यापासून घरात तुझ्या साबणाचा वास आहे. तो जाईपर्यंत खिडकी उघडायची नाही असं ठरवलंय.

बसथांब्यावर आपण हवापाण्याबद्दल बोललो. बस आली आणि माझं राहिलंच. म्हणून लिहितो. तू तिथे होतीस, तरी माझ्या बाजूने कसं होतं ते तुला ठाऊक नाही.

मिस्साला तू दिसली नाहीस तेव्हा मी मनाची तयारी केली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. दुसऱ्यात माझा हात चुकला, ओतीलियाने डोळे वटारले, ते तू बघितलंस की नाही कोण जाणे. मग ओतीलियाने तिसरं उचललं. मी तिला आधीच सांगितलं होतं, तिसरं नको, कडवी कुणाला येत नाहीत. ती म्हणाली, "धृपद म्हणू, कडव्याच्या जागी नुसता ठेका ठेवू. जागा तरी राहील." धृपद झालं. मग ती रिकामी जागा आली. तीन डफ आणि बियांची सळसळ, बाकी काही नाही. इतकी लांब वाटली ती जागा मला.

तेव्हा मागून आवाज आला,

"ऊठ गं आई, काळी ओढणी सोड,
अंगणात आलाय तुझा..."

मी वळलो नाही. मला वाटलं, वळलो तर हात थांबेल. आवाज आईचा नव्हता, गाताना आईचा जाडा व्हायचा असं सगळे सांगतात. पण अंगणात कोण आलाय ते तुला आठवेना. तू पुन्हा पहिल्यापासून म्हटलंस आणि पुन्हा तिथेच अडलीस. मग वळलो. फाटकापाशी तू, खांद्याला प्रवासाची बॅग. कानांवर हात ठेवलेल्या पोरीच्या कानात दीड ओळ तरी शिरली होती.

"पुढचं काय आहे, बाबा?"

"नाही माहीत."

"ओतीलिया मावशी?"

"नाही गं पोरी. आम्ही कायम झेलणाऱ्या."

मग तू माझ्या हातातून डफ घेतलास. ट्रे धरतात तसा धरलास आणि तळहाताने मारलंस, दार ठोठावल्यासारखं. एकदा. परत एकदा. मग माझ्याकडे बघितलंस. इतकी वर्षं झाली, तुझा तसा चेहरा मी बघितला नव्हता.

"मला येत नाही, बाबा."

"मला तरी कुठे येतंय."

ओतीलिया म्हणाली, "बाप तसा लेक," आणि नाक शिंकरायला लागली.

त्या रात्री तू जेवताना विचारलंस, आईने मला का नाही शिकवलं? मी सूप वाढायला उठलो. उत्तर आता देतो. शिकवायला ती कुणाच्या मागे लागली नाही. तुझ्या लागली नाही, माझ्या तर नाहीच. आपण दोघं आपणहून विचारू, असं तिला वाटत राहिलं असेल. किंवा नसेलही वाटलं. तिला विचारायला हवं होतं आणि मावशीला विचारायला हवं होतं, आणि मी ऑलिव्हच्या जाळ्या अंथरत होतो. पुढची ओळ मी आता आसपासच्या गावांत विचारत फिरतोय. परवा एका म्हातारीकडे जाऊन आलो. तिला तिच्या गावची ओळ येते, ती वेगळी आहे. आपली गेली ती गेली असं धरून चल.

बसच्या पायरीवरून तू म्हणालीस, "ऑगस्टात सुट्टी आहे. शिकवाल?" मी नुसती मान हलवली, आणि बस निघाल्यावर ध्यानात आलं की तुला ती मान होची दिसली की नकोची, ते मला सांगता येणार नाही. म्हणून शब्दांत लिहितो. हो.

मात्र खरं तेच सांगतो, मागाहून फसवलं म्हणू नकोस. ज्यांना येत होतं त्या दोघी दफनभूमीत आहेत. ओतीलियाला शिकवायचा धीर नाही, पहिल्याच चुकीला ती डफ हिसकावून घेते. उरलो मी, या गावातला सगळ्यात वाईट वाजवणारा. मला जे येतं ते सगळं शिकवायला एक दुपार पुरेल.

तरी तू आठवडाभर ये.

बाबा